उसनी मुलं

या वहीची पहिली पन्नास पानं माझ्या लहानपणानं भरली. चौथीची परीक्षा झाली तिथं ती संपली. पुढे लग्न, कराडातली दोन खोल्यांची जागा, एसटीच्या वर्कशॉपमधून काळे हात घेऊन घरी येणारे हे, आणि एकुलता एक महेश. त्या चाळीस वर्षांत मी वयानं वाढले, पण मोठी झाले असं मला आठवत नाही. कुणी काही विचारलं तर उत्तर ह्यांनी द्यायचं, आणि हे गेल्यावर महेशनं. बँकेत, दवाखान्यात, लग्नकार्यात मी आपली पदर सावरत एका बाजूला उभी. मोठी झाले ती एकसष्टाव्या वर्षी, नेदरलँड्समधल्या एका लहान गावात, शाळेच्या पॅसेजमध्ये ठेवलेल्या एका लाकडी खुर्चीवर. म्हणून ते दिवस मी वाढण्याच्या हकिकतीतच धरते. ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा चूक काढायलाही कुणी येणार नाही.

महेश आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत. तिथं घरं परवडेनात म्हणून त्यानं बसनं पाऊण तासावरच्या गावात घर घेतलं. ओळीनं एकासारखी एक विटांची घरं, समोर मोठी काच, पडदे कुणीच लावत नाही. पहिले काही दिवस मला रस्त्यावर बसून जेवल्यासारखं वाटायचं. गावात एक चर्च, त्याची घंटा दर पाव तासाला. एक बेकरी, एक दुकान, गाईंचे गोठे, आणि सकाळ-संध्याकाळ शेणाचा ओळखीचा वास. त्या वासानं मला फार धीर दिला. माझा व्हिसा तीन महिन्यांचा असायचा. तीन महिने इथे राहायचं, तीन महिने तिकडे जायचं, मग परत. त्या वर्षी मी ऑगस्टच्या मध्यात आले होते आणि नोव्हेंबरात जायची होते.

घरात सकाळी आवाजच आवाज. सून प्राजक्ता आंघोळ करतानाच फोनवर मिटिंग ऐकायची. कॉफीचं यंत्र घरघरायचं. महेश सॉक्स शोधत जिना चढायचा-उतरायचा. नात सई, सात वर्षांची, पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटची बडीशेप पेरायची आणि तेच डब्यात न्यायची. मी म्हणायची, “अगं, पोळी-भाजी देते की.” ती म्हणायची, “आजी, नको. वास येतो, सगळे विचारतात.” मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत, मराठी अगदी गरज पडली तर. संध्याकाळी मी भाकरी करायची. ज्वारीचं पीठ आइंडहोवनच्या एका सुरिनामी दुकानातून यायचं. भाकरी फुगली की छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायचं, मग सई खुर्चीवर चढून मासिकानं वारा घालायची. दुसरी भाकरी, दुसरा आरडाओरडा. शेजारीण एकदा दारात येऊन विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. आता सई पंधरा वर्षांची आहे, बारा किलोमीटर सायकल मारून मोठ्या शाळेत जाते, आणि भाकरी लागली की स्वतःच आधी खिडकी उघडते.

सईला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दोघंही साडेसातला बाहेर पडायचे. शाळा चालत सात मिनिटांवर. सरकारी शाळा, दोन वर्गखोल्या, एकीत लहान मुलं, दुसरीत मोठी. एका खोलीत चार-चार इयत्ता एकत्र बसलेल्या मी माझ्या गावानंतर तिथंच पाहिल्या. मुख्याध्यापिका मारियान, पन्नाशीची, उंच, केस पिकलेले, पायात बूट चिखलाचे. मुलं तिला ‘युफ मारियान’ म्हणायची, म्हणजे बाई, आणि पुढे चक्क नाव. आम्ही गुरुजींचं नाव उच्चारलं असतं तर आईनं तोंडात चुलीतली राख घातली असती.

मी फाटकापाशी सईचा हात सोडायची आणि परत वळायची. पंधरा दिवस असं चाललं. एक दिवस जोराचा पाऊस लागला. मारियान छत्री घेऊन आली, माझा दंड धरला आणि आत घेऊन गेली. कॉफी दिली. काहीतरी बोलली, मी नुसती मान हलवली. मग तिनं पॅसेजमध्ये, मुलांचे ओले कोट टांगलेले असतात तिथं, एक खुर्ची ठेवली, मला बसवलं, आणि वर्गातून एका मुलीला हाताला धरून आणलं. लोटे तिचं नाव. गोठ्यावाल्याची पोर, सईपेक्षा वर्षानं मोठी, गालावर लाल चट्टे. तिच्या हातात पुस्तक दिलं आणि मारियान निघून गेली.

लोटे माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. दोघी आपापल्या बुटांकडे बघत बसलो. मग तिनं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली. अडखळली की थांबायची, माझ्याकडे चोरून बघायची. मला काय कळणार ती चुकली का बरोबर आली? मी आपली मान हलवायची. पान संपलं. मला डच एकच शब्द येत होता, सईला तिची आई म्हणायची तो, ‘खूत झो’, म्हणजे शाब्बास. तो मी म्हटला. लोटेनं दुसरं पान उलटलं.

पुढे मला कळलं की मारियाननं हे मुद्दाम केलं होतं. ज्या मुलांना वाचायची भीती वाटते, त्यांना चूक काढणारं माणूस समोर नको असतं. चूक काढूच शकत नाही अशी गावात मी एकटी होते. महिनाभरात चार मुलं माझ्याकडे यायला लागली. नऊ ते अकरा. ती मला ओमा म्हणायची, म्हणजे आजी. मी त्यांच्या बोटाखाली बघत राहायची. अक्षरं तर महेशच्या इंग्रजीच्या पुस्तकात बघितली होती तीच, फक्त उच्चार निराळे. घशातून खाकरल्यासारखा ‘ख’ कुठे येतो तो मी पकडला. मग एक दिवस लोटेच्या बोटाच्या आधी माझ्या मनात ‘कू’ आलं, म्हणजे गाय, आणि लगेच तिनं वाचलं, ‘कू’. मी एवढ्या जोरानं ‘खूत झो’ म्हटलं की वर्गातून मुलांनी डोकी बाहेर काढली.

घरी हे सांगितल्यावर महेश हसला. “आई, इथे वाचनालयात असा एक प्रकार असतो. मुलांना कुत्र्यासमोर बसवून वाचायला लावतात. कुत्रा हसत नाही ना, म्हणून. तुला त्याच ड्युटीवर घेतलंय.”

प्राजक्ता म्हणाली, “महेश, काहीही काय बोलतोस आईंना!”

“अगं, मी कौतुकच करतोय.”

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मी मनात म्हटलं, कुत्रा तर कुत्रा. त्याला तरी कुणी बोलावलंय.

सप्टेंबरच्या एका रविवारी महेशनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्याला कुठलीही गोष्ट ठरवायची तर तक्ता लागतो. फ्रीज घेतानाही त्यानं तक्ता केला होता. या तक्त्यात शाळा होत्या. आमची शाळा शेवटच्या ओळीत, लाल रंगात. शेजारच्या मोठ्या गावातली शाळा हिरव्या रंगात.

“हे बघ,” तो प्राजक्ताला म्हणाला, “शेवटच्या वर्षाची परीक्षा असते ना, त्याचे स्कोअर. आपली शाळा दोन वर्षं खाली आहे. आणि पट एकवीस. तेवीसच्या खाली तिसरं वर्ष गेलं की फंडिंग बंद, शाळा बंद. म्हणजे हे वर्ष शेवटचं. मग आत्ताच हलवूया सईला. तिकडे जागा आहे. ऑटम हॉलिडेनंतर घेतील, मी फॉर्म भरून ठेवलाय, फक्त सबमिट करायचाय.”

“नक्की बंदच होणार?” प्राजक्तानं विचारलं.

“पहिल्या ऑक्टोबरला मोजतात. त्या दिवशी तेवीस मुलं असली तर वाचली. दोन मुलं कमी आहेत. दोन मुलं काय आभाळातून पडणार आहेत?”

मी भांडी घासत होते. तिथं यंत्र आहे, तरी कढई मी हातानंच घासते. माझे हात थांबले. पहिल्या ऑक्टोबरला मोजतात, दोन मुलं कमी आहेत, एवढंच माझ्या कानात राहिलं. बाकीचं मला ऐकायची गरजच नव्हती. ते मला माहीत होतं.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवी नदीपलीकडे, तीन मैलांवर, तिथं मुलगे जायचे, मुली कोण पाठवतंय? मी चौथीत होते त्या वर्षी कदम गुरुजींनी फार खटपट करून गावातच पाचवीचा वर्ग मागितला. वरून उत्तर आलं की पट पुरा दाखवा, मग देऊ. पट पुरा कुठून होणार? मग दिपोटी, म्हणजे तपासणीला येणारे साहेब, येण्याच्या दिवशी गुरुजींनी माळवाडीतून सहा पोरी आणल्या. आपल्या बायकोकडून त्यांच्या वेण्या घालून घेतल्या, आमच्याच पाट्या त्यांच्या हातात दिल्या आणि त्यांना आमच्यामध्ये बसवलं. आजूबाजूच्या सगळ्या शाळा तेच करत. एकमेकांची मुलं उसनी द्यायची-घ्यायची, जशी लग्नात भांडी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

साहेब आले, टोपी काढून टेबलावर ठेवली, डोकी मोजली. सगळं पार पडलंच होतं. जाता जाता त्यांनी माझ्या शेजारच्या पोरीला सहज विचारलं, “बाळ, तुझ्या गुरुजींचं नाव काय?” तिला कुठं माहीत? ती रडायला लागली. मग साहेब माझ्याकडे वळले. “ही तुझ्या वर्गात आहे ना गं?” नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी पाटीकडे बघत राहिले. मला बोलताच येईना. साहेबांनी दोनदा विचारलं, मग हजेरी मिटली आणि टोपी उचलली.

पाचवीचा वर्ग आला नाही. त्या वर्षी आम्ही नऊ मुली चौथी पास झालो, नऊच्या नऊ घरी बसलो. वडील म्हणाले, “बरं झालं, पोरगी खोटं बोलली नाही.” पण मी खरंही बोलले नव्हते. मी काहीच बोलले नव्हते. हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. गुरुजींनी मला एका शब्दानं रागावलं नाही, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तर दोन मुलं आभाळातून आणायला नकोतच, असं माझ्या मनानं घेतलं. दोन मुली माझ्या माहितीत होत्या. महिन्यापूर्वी नागपूरहून एक कुटुंब आमच्या गल्लीच्या टोकाला राहायला आलं होतं. वैशाली आणि तिच्या दोन लेकी, तन्वी आठ वर्षांची, ओवी सहा. त्यांचंही नाव त्या मोठ्या गावातल्या हिरव्या शाळेत घातलेलं, पण तिथं नोव्हेंबरशिवाय बसायला मिळणार नव्हतं. तोवर दोघी घरात बसून आईचं डोकं खात होत्या. मी स्वतःहून कुणाच्या दाराची घंटा वाजवली ती त्या देशात पहिल्यांदा. दाराशी दोनदा जाऊन परत आले, तिसऱ्यांदा वाजवली.

“काकू, या ना, या ना!” वैशाली म्हणाली. घरात सगळीकडे खोकी. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मला एका दिवसासाठी पोरी हव्या आहेत, शाळेत नेऊन बसवायला.

“एकच दिवस ना?” तिनं विचारलं. “न्या ना काकू, खुशाल न्या! दोन दिवस ठेवून घेतल्या तरी माझी काही हरकत नाही जी. महिना झाला, मी एकटी संडासात गेले नाही.” मोजणीचं मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं.

गुरुजींची चूक मला करायची नव्हती. तीन दिवस मी दुपारी त्या पोरींना घरी आणायची, लाडू द्यायची आणि पाठ करून घ्यायची.

“बाईंचं नाव काय?”

“युफ मारियान!”

“शेजारी कोण बसतं?”

“लोटे!”

“कितवीत आहेस?”

“गट पाच!”

ओवी म्हणाली, “आजी, हा गेम आहे का?” मी म्हटलं, “हो बाळा, गेमच.” ओवी खोटं बोलली असती तर ते तिचं खोटं नसतं, माझं असतं. एवढा विचार मी केला होता. त्यापुढचा केला नव्हता.

पहिल्या ऑक्टोबरला मी दोघींना तेल लावून वेण्या घालून दिल्या, रिबिनी बांधल्या. सई फाटकापर्यंत विचारत होती, “आजी, पण का? त्या आमच्या शाळेत नाहीत.” मी म्हटलं, “आज आहेत.” आत जाऊन मी दोघींना मोठ्या वर्गात लोटेच्या शेजारी बसवलं आणि माझ्या खुर्चीत येऊन बसले. चर्चची घंटा कधी वाजून गेली ते मला कळलंच नाही. दाराकडे डोळे लावून बसले होते. टोपीवाला माणूस येईल, मोजेल आणि जाईल.

आली ती मारियान. पोरींसमोर वाकून तिनं काहीतरी विचारलं. तन्वीनं ताठ उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, “युफ मारियान! लोटे! गट पाच!” सगळा वर्ग हसला. मारियान बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि सईला बोलावलं.

सात वर्षांच्या पोरीच्या तोंडून मला कबुली द्यावी लागली. मी मराठीत सांगायची, सई ते डचमध्ये सांगायची. मोजणारा माणूस येईल, दोन कमी आहेत, म्हणून या दोघी आजच्यापुरत्या. सई मध्येच थांबली आणि हळूच म्हणाली, “आजी, हे चीटिंग आहे?” मी म्हटलं, “तू सांग तिला. मी सांगते तसंच सांग.”

मारियान खाली बसली, अगदी जमिनीवर, ओल्या कोटांच्या खाली. मग सावकाश बोलली, आणि सईनं ते मला तुकड्या-तुकड्यानं दिलं. माणूस वगैरे कुणी येत नाही. नावं कॉम्प्युटरमध्ये असतात, तीच मोजली जातात, आणि ती आज सकाळीच मोजून झाली. ज्यांचं नाव आईवडिलांनी इथे घातलेलं नाही त्यांना ती लिहू शकत नाही. लिहिलं तर तिची नोकरी जाईल, आणि गेली नसती तरी तिनं लिहिलं नसतं. पोरी आज पाहुण्या म्हणून राहू शकतात, बारापर्यंत, तिनं त्यांच्या आईला फोन केला की. मग ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं लोटे पुस्तक घेऊन आली, रोजच्यासारखी. मला वाटलं होतं आता कुणी येणार नाही.

सईनं रात्रीच्या जेवणात सगळं ओकलं. महेशचा घास हातातच राहिला.

“आई, तू काय केलंस? अगं हे फ्रॉड आहे. इथे असलं चालत नाही. त्या बाईनं वर कळवलं असतं तर? वैशालीच्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवू? त्याचा फोन आला होता मला, विचारत होता, काकूंची तब्येत बरी आहे ना.”

प्राजक्ता खाली मान घालून बसली होती. मला वाटलं तीही चिडली आहे. मग तिचे खांदे हलायला लागले. “आई,” ती कशीबशी म्हणाली, “तुम्ही पोरींकडून बाईंचं नाव पाठ करून घेतलंत?” आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

“हसतेस काय? सीरियस आहे हे,” महेश म्हणाला.

“नाव पाठ नव्हतं म्हणूनच आमची पाचवी गेली,” मी म्हटलं.

मग मी सांगितलं. माळवाडीच्या पोरी, दिपोटी, आणि मी पाटीकडे बघत बसले ते. सईसुद्धा ऐकत होती. महेशला माहीत होतं की आई चौथी शिकली. का चौथीच, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. तो उठून माझं ताट उचलायला लागला. मी म्हटलं, “माझं जेवण व्हायचंय अजून.” त्यानं ताट परत ठेवलं. फॉर्मचं मात्र तो काही बोलला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. खोटं करून वाचवायला गेलेल्या बाईनं आता कुठल्या तोंडानं मागायचं?

दहा दिवसांनी शाळेत पालकांची सभा होती. मारियाननं सईच्या दप्तरात चिठ्ठी घातली, तिच्यावर माझंही नाव होतं. प्राजक्ता सईपाशी घरी थांबली, मी महेशबरोबर गेले. मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर मोठाली माणसं गुडघे वर करून बसलेली. मारियान बोलत होती, महेश माझ्या कानात सांगत होता. पट एकवीसच भरला होता. शाळा उन्हाळ्यात बंद होणार, ते आता ठरलं. निकालाबद्दल ती म्हणाली की गेल्या वर्षी शेवटच्या वर्गात तीनच मुलं होती, त्यातली एक सिरियाहून येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिघांची सरासरी काढली तर आकडा खाली येणारच, पण ती पोर शून्यातून कुठवर आली ते त्या आकड्यात दिसत नाही. महेश हे मला सांगता सांगता थांबला. त्याच्या तक्त्यात तो आकडा होता.

मग मारियान म्हणाली की कुणी आत्ता मुलं हलवली तर तिला ते समजेल, ती कुणाला दोष देणार नाही. पण चार-पाच मुलं जरी गेली तरी दुसरा वर्ग चालवता येणार नाही, मग नाताळातच दारं बंद करावी लागतील आणि राहिलेल्यांची वर्षाच्या मधोमध पांगापांग होईल. शिक्षकांची सोय लावायची आहे, म्हणून तिला आज कळायला हवं. जुलैपर्यंत कोण थांबणार आहे?

कुणी हलेना. सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत होते. ते बघणं मला चांगलं ओळखीचं होतं. महेशचा फोन त्याच्या मांडीवर, त्यात तो फॉर्म. मारियान उभी होती आणि वाट बघत होती, आणि मला कळत होतं की अजून थोडा वेळ असाच गेला की ती हजेरी मिटणार.

मी हात वर केला.

“आई, हात खाली घे,” महेश कुजबुजला. “पालकांना विचारतेय ती.”

“कळलंय मला.”

“मग?”

“मग काय? तुझाही वर कर.”

समोरच्या रांगेत कुणीतरी वळून बघितलं. मग सगळेच बघायला लागले. हात दुखायला लागला, तरी मी तो तसाच ठेवला. माझ्या पलीकडे लोटेचा बाप बसला होता, खांद्यावर गोठ्यातलं गवत घेऊन आलेला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग आपला भला मोठा हात वर केला. मग मागून एक बाई. मग दोन. महेश सर्वांत शेवटी नव्हता, एवढं मी सांगते. शेवटून तिसरा होता.

घरी येताना तो म्हणाला, “प्राजक्ताला आता तू सांगायचंस.”

“सांगते की.”

“आणि सईचं एक वर्ष वाया गेलं तर?”

“वर्ष वाया कसं जातं ते मला माहीत आहे,” मी म्हटलं. “शाळेत बसलेल्या पोरीचं जात नाही.” एवढं लांब वाक्य मी त्याला उलटून कधी बोलले नव्हते. तो दोन पावलं मागे राहिला, मग बरोबरीला आला.

माझ्या हात वर करण्यानं शाळा वाचली असं मला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती वाचली नाही. वैशालीच्या पोरी नोव्हेंबरात हिरव्या शाळेत गेल्या आणि तिथं छान रमल्या. मी कराडला आले, त्या खेपेला सहा महिने राहून मे महिन्यात परत गेले. खुर्ची पॅसेजमध्ये होती, लोटे आता बोट न ठेवता वाचत होती आणि मी चुकीच्या जागी मान हलवली तर मलाच दुरुस्त करत होती.

जुलैत शेवटचा दिवस आला. मारियाननं पटांगणात रंगीत खडूंच्या बादल्या ठेवल्या आणि मुलांना म्हणाली, हवं ते काढा. फरशी भरून गेली. गाई, घरं, फुलं, प्रत्येकानं आपापलं नाव. पालक कॉफीचे कप घेऊन कडेला उभे. मुलं दोन वेळा मोजूनही माझा विश्वास बसेना, म्हणून मी तिसऱ्यांदा मोजलं. सभेत हात वर झाले त्या दिवसापासून एकही घर मागे सरलं नव्हतं. सईनं माझ्या हातात एक पांढरा खडू दिला आणि म्हणाली, “आजी, तू पण.” मी साडी गुडघ्यात धरून खाली बसले. काय लिहायचं ते सुचायला वेळ लागला नाही. आमच्या शाळेत रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात गुरुजी तेच लिहायचे. मारियान माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली आणि सईला विचारलं, हे काय आहे? सईला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिला थांबवलं आणि बाईंना माझ्या तोंडानं, माझ्या मोडक्या डचमध्ये, एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

पट २१. हजर २१.